झोलबा आणि शेऱ्याचं बुक

डाकबंगल्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. पाहुणे येतात, जेवतात, पॉइंट बघतात, निघून जातात. आणि मागे एखादा मोजा, अर्धी साबणाची वडी आणि एक किस्सा सोडून जातात. मोजे आणि साबण मी वेळच्या वेळी पार्सलने परत पाठवले. किस्से कुणी मागितले नाहीत, म्हणून ते माझ्याकडेच राहिले. आता चार टाळकी जमली की तुम्ही म्हणता, "बाबू, चिखलदऱ्याचं सांगा." सांगतो. पण मध्ये बोलायचं नाही, आणि "हे खरं का?" असं तर मुळीच विचारायचं नाही. ज्याला खात्री करायची असेल त्यानं पहाड चढून जावं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी अमरावतीचा, मॅट्रिकला दोनदा बसलेला आणि दोनदा उठलेला. सरकारला अशा माणसाचं काय करावं कळेना, म्हणून मला चिखलदऱ्याच्या डाकबंगल्यात कारकून करून वर पाठवून दिलं. खाली परतवाड्याहून मोटर घाट चढत यायची आणि पाहुणे टाकून जायची. बंगल्यावर आम्ही तिघं. एक मी. दुसरे करीमभाई खानसामा. तिसरा झोलबा, गाविलगड किल्ला दाखवणारा सरकारी वाटाड्या. झोलबा मूळचा हिवरखेडच्या कास्तकाराच्या घरचा. जवानीत पहाडावर आला तो परत खाली गेलाच नाही.

आणि आम्हां तिघांच्या डोक्यावर बसलेलं ते शेऱ्याचं बुक! व्हरांड्यातल्या टेबलाला साखळीनं बांधलेलं असायचं. प्रत्येक पाहुण्यानं जाताना त्यात शेरा लिहायचा. महिना संपला की मी सगळ्या शेऱ्यांची नक्कल करून अमरावतीच्या कचेरीत पाठवायची. मग कचेरीनं खुलासा मागवायचा. नियम असा होता की एका सालात एकाच नोकराविरुद्ध तीन वाईट शेरे पडले की तो नोकर घरी. चांगले शेरे कितीही पडले तरी त्यानं वाईट शेरा पुसला जात नसे. मी एकदा कचेरीला विचारलं होतं, असं का? उत्तर आलं, "चांगले काम करण्यासाठीच पगार दिला जातो."

*

धामणगावचे एक रुईवाले शेठ आले. मोटारीतून उतरायच्या आधीच म्हणाले, "बाबू, वाघ दाखवा. पण चारच्या आत. मला परतीची मोटर गाठायची आहे, तिथून रेल्वे."

मी म्हटलं, "शेठजी, जंगल आहे. वाघ त्याच्या मर्जीनं येतो."

"सांगून ठेवलं नव्हतं का? मी आठ दिवस आधी पत्र टाकलं होतं!"

पत्र खरंच आलं होतं. त्यात दोन पलंग, गरम पाणी आणि वाघ, असं एका ओळीत लिहिलेलं होतं. पलंग दिले. पाणी दिलं. शेठजी दुपारभर आरामखुर्चीत बसून समोरच्या झाडीकडे बघत राहिले, घड्याळ काढून पुन्हा पुन्हा बघत राहिले आणि पावणेचारला बुक मागवून त्यात लिहिलं, "वाघ नव्हता. व्यवस्था ढिसाळ."

पंधरा दिवसांनी कचेरीचं पत्र! "वाघ का नव्हता, याचा खुलासा करावा."

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी लिहिलं, "वाघ हजेरीपटावर नाही."

उत्तर आलं, "खुलासा मान्य. यापुढे काळजी घ्यावी."

*

करीमभाईंच्या नावावर मात्र एकही वाईट शेरा नव्हता. त्याचं कारण ऐका.

अकोल्याचे एक हेडमास्तर सपत्नीक आले. बाई कडक सोवळ्याच्या. स्वतःचं पातेलं, स्वतःचं पीठ, स्वतःची घागर. करीमभाईंची सावलीसुद्धा चुलीवर पडू नये म्हणून त्यांना अंगणातल्या आवळ्याच्या झाडापलीकडे उभं केलं. हेडमास्तरांनी काठीनं मातीत रेघच ओढली. करीमभाई रेघेच्या बाहेर हात बांधून उभे राहिले.

पण पहाडावरचं लाकूड ओलं. बाई फुंकून फुंकून थकल्या, डोळे लाल झाले, चूल काही पेटेना. हेडमास्तर एकदा फुंकायला गेले आणि मिशी जाळून परत आले.

तेवढ्यात झाडापलीकडून आवाज आला, "बाई, सामने से मत फूंको. बाजू से फूंको. और वो मोटा लकडा निकालो पहले."

बाईंनी मोठं लाकूड काढलं. चूल पेटली.

"अब तवा तपने दो. अब्बी नक्को डालो. अब्बी नक्को... हां, अब डालो!"

भाकरी टम्म फुगली. पुढचा पाऊण तास त्या रेघेच्या अल्याडपल्याड स्वयंपाक चालला होता. "भाऊ, वांग्यात तिखट किती घालू?" "भाऊ, झाकण ठेवू का?" शेवटी तर बाई म्हणाल्या, "भाऊ, वास कसा येतोय बघा हो!" आणि करीमभाईंनी वीस हातांवरून नाक वर करून सांगितलं, "नमक कम है."

मीठ खरंच कमी होतं.

हेडमास्तरांनी जाताना बुकात सुंदर अक्षरात लिहिलं, "खानसाम्याच्या हाताला उत्तम चव आहे. त्याने कशालाही हात लावला नाही."

कचेरीनं यावर खुलासा मागितला नाही. बहुतेक कुणाला समजलंच नसेल.

*

झोलबाचं तसं नव्हतं. झोलबा बोलायचा थोडं आणि बोलायचा ते थेट. किल्ला दाखवताना त्याचं एकच धोरण, "चाला. पायाखाली पाहा. बोलाचं थे मंग बोलू."

आपल्याला त्यात काही वाटत नाही. पण पुण्याचे एक प्रोफेसर आले होते, जुन्या वास्तूंवर लेख लिहिणारे. एका बुटक्या दिंडीदरवाज्यापुढे ते थांबले, खिशातून वही काढली आणि म्हणाले, "वाटाडे, हे बांधकाम साधारण कोणत्या काळातलं असावं, याबद्दल इथल्या लोकांत काय समज आहे?"

झोलबा म्हणाला, "आदी डोस्कं वाकवा. मंग समज सांगतो."

प्रोफेसरांना असं कुणी कधी सांगितलं नसावं. ते ताठ मानेनं दिंडीत शिरले. मी मागून येत होतो, आवाज मला वीस पावलांवर ऐकू आला.

"सांगतलं होतं," झोलबा म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

कपाळावर ओला रुमाल बांधून प्रोफेसरांनी शेरा लिहिला, "वाटाड्या अत्यंत उद्धट आहे. प्राचीन वास्तूविषयी त्यास आदर नाही, अभ्यासकांविषयी तर नाहीच." झोलबाविरुद्ध सालातला पहिला वाईट शेरा.

कचेरीनं खुलासा मागितला. मी झोलबाला विचारलं, काय लिहू? तो म्हणाला, "दरवाज्याले डोस्कं म्या लावलं का?" ते जरा सभ्य करून मी लिहिलं, "सदर दिंडी सदर प्रोफेसरांच्या भेटीपूर्वीपासून त्याच जागी व त्याच उंचीची आहे."

खुलासा अमान्य झाला. शेरा कायम.

*

मधे एक गंमत झाली. एक अकोल्याचे वकील आणि एक अमरावतीचे वकील एकाच दिवशी उतरले. सकाळी चहाला बसले आणि विषय निघाला, किल्ला कुणाचा मोठा? अकोल्याचे म्हणाले, "आमचा नरनाळा! दरवाजा बघा, काय कोरीवकाम!" अमरावतीचे म्हणाले, "गाविलगडावर दोन किल्ले बसतात नरनाळ्यासारखे!"

झोलबा काठी घेऊन पायरीशी उभा. "चाला, उन्हं होतीन."

"थांब रे. हा मुद्दा संपू दे."

मुद्दा जेवणानंतरही संपला नाही. तिसऱ्या प्रहरी तट, बुरूज, तलाव, तोफा, सगळं साक्षीपुराव्यासह निघालं. करीमभाईंनी चहा किती वेळा दिला ते त्यांनाही आठवत नाही. संध्याकाळी दोघांची मोटर आली. दोघांनी बुक मागितलं. एकानं लिहिलं, "गाविलगड पाहिला. नरनाळा मोठा." त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, "गाविलगड पाहिला. गाविलगडच मोठा."

दोघंही खुर्चीतून उठले नव्हते. झोलबा म्हणाला, "असे पाव्हने रोज आले पायजे."

*

आणि एक मुन्सफ आले होते, ते तर झोलबाच्या प्रेमातच पडले.

चिखलदऱ्याला भीमकुंड आहे. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं आणि इथं हात धुतले, अशी गोष्ट. झोलबानं ती नेहमीसारखी सांगितली, म्हणजे एका दमात. "भीमानं कीचक मारला, इथून फेकला, तिथं हात धुतले. चाला."

मुन्सफसाहेब हलेनात. "पुरावा काय?"

"कायचा?"

"खून इथंच झाला याचा. पाहणारा साक्षीदार कोण?"

झोलबानं क्षणभर विचार केला. "द्रौपदाबाई," तो म्हणाला. "पन त्या पक्षकार पडल्या."

मुन्सफसाहेब त्या ओल्या दगडावर बसून हसले. त्यांचा पट्टेवालाही हसला, पण साहेब हसल्यावर. बुकात त्यांनी अर्धं पान भरून झोलबाची तारीफ लिहिली. मी खूश झालो, नक्कल लाल शाईनं करून पाठवली. कचेरीचं उत्तर एका ओळीचं, "लाल शाई वापरू नये."

*

आता अस्वलाचं. हसायचं असेल तर इथंच हसून घ्या, कारण मी नंतर हसलो नाही.

नागपूरचे एक इंजिनियर आले. गळ्यात दुर्बीण, पाठीशी पुरणपोळ्यांचा डबा. किल्ल्यावर जांभळाच्या झाडांखाली जेवायचं ठरलं. मीही बरोबर होतो, पण मागे राहिलो होतो. इंजिनियरसाहेबांनी जागा बघितली आणि विचारलं, "वाटाड्या, ते काळं काय आहे?"

"दगड हाय," झोलबा म्हणाला.

"टेकून बसायला बरा आहे," साहेब म्हणाले आणि डबा उघडत त्या दिशेनं निघाले. चार पावलं राहिली असतील. दगड उठला. दगडानं जांभई दिली!

साहेबांनी डबा टाकला आणि जे पळाले ते माझ्या अंगावरून गेले. अस्वलानं पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप चाटलं आणि शांतपणे दरीत उतरून गेलं. मी बंगल्यावर पोचलो तोवर शेरा लिहून झाला होता. अक्षर मात्र रेघेवर होतं, इंजिनियर ना! "वाटाड्यास दगड व अस्वल यांतील फरक कळत नाही." दुसरा वाईट शेरा.

अर्ध्या तासानं झोलबा आला. हातात रिकामा डबा. "घ्या. धुवा लागते," म्हणाला आणि ठेवून गेला.

साहेब गेल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठलं. "झोलबा, अस्वल दिसलं कसं नाही तुला?"

"तीस साल झाले बाबू, त्या जागी दगडच व्हता," तो म्हणाला. "अस्वल नवीन आलं."

मी खो खो हसलो. हसता हसता त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं हसू थांबलं. दोन्ही बुबुळांवर पांढरं दुधाळ पटल आलेलं होतं. दोन वर्षं मी या माणसाबरोबर राहत होतो आणि एकदाही त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं नव्हतं! मी त्याच्यापुढे तीन बोटं धरली.

"हात खाली करा बाबू," तो म्हणाला. "हालला थे समजते. बोटं किती, थे नाई समजत."

मोतीबिंदू. मी म्हटलं, अमरावतीला दवाखान्यात जाऊ, डोळे कापवून घे. तो म्हणाला, "मोठ्या भावानं कापवले. व्हतं थेही गेलं."

मग करीमभाई सांगू लागले. त्यांना सगळं ठाऊक होतं. झोलबा किल्ला पायानं बघायचा. कुठल्या पायरीचा कोपरा फुटला आहे, कुठे तळ्याचा गारवा लागतो, कुठे आवाज भिंतीवर आपटून परत येतो, हे सगळं त्याच्या अंगात बसलेलं. बंगल्यातली खुर्ची कुणी सरकवली तर तो धडपडायचा. किल्ल्यावर कधी ठेचसुद्धा लागली नव्हती.

आणखी एक शेरा पडला की नोकरी जाणार. नोकरीबरोबर मागची खोली जाणार आणि त्याला न् त्याच्या बायकोला, सरजाबाईला, खाली हिवरखेडला पोराकडे जावं लागणार. पोरगा वाईट नव्हता, दोनदा न्यायला आला होता. पण झोलबा म्हणाला, "इथं मले वाट ठाव हाय बाबू. दगड न् दगड पायाले वळखते. खाली गेलो का मी आंधळा."

सरजाबाई आत भाकरी थापत होती. ती आतूनच म्हणाली, "मी काई त्यायले हात धरून परसाकडं नेनार नाई. सांगून ठेवते." आणि नंतर बराच वेळ भाकरीचा आवाज आला नाही.

मला रडू आलं. साफ सांगतो. कारकून असलो म्हणून काय झालं!

*

तेव्हापासून आम्ही बंदोबस्त केला. मोटर आली की करीमभाई पुढे जाऊन पाहुणे बघायचे आणि मागच्या दारानं येऊन झोलबाला वर्दी द्यायचे. कोण आहे, कसा आहे, डोक्यावर काय आहे. म्हणजे झोलबा असा बोलायचा की याला सगळं लख्ख दिसतं!

एकदा दर्यापूरकडचे एक पाटील आले. करीमभाई धावत आले, "बडे पाटील है. लाल फेटा. बडी मुच्छी." झोलबा पायरीशी जाऊन उभा राहिला. पण पहाडावरचा वारा बघून पाटलांनी तेवढ्यात फेटा उतरवून ट्रंकेत ठेवला होता आणि ट्रंकेला कुलूप लावलं होतं.

"राम राम पाटील," झोलबा म्हणाला. "लाल फेटा लय शोभून राहिला तुमाले!"

पाटलांचा हात टकलावर गेला. मग त्यांनी ट्रंकेकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, झोलबाच्या त्या पांढऱ्या डोळ्यांकडे बघितलं. आणि काय सांगू, एवढा धिप्पाड माणूस, सरळ पायावर डोकं!

"महाराज, माही काळी गाय हरपली. दोन महिने झाले. कुठी असन?"

झोलबा वैतागला. "जिथं गवत असन तिथं असन!"

"बराबर हाय, बराबर हाय," पाटील म्हणाले आणि नारळ ठेवला. किल्ला बघायचा राहूनच गेला. बुकात त्यांनी लिहवून घेतलं, "वाटाडे महाराज अंतर्ज्ञानी आहेत. बंद कुलपातले दिसते."

मला वाटलं, चला, चांगला शेरा पडला. कुठलं काय! महिनाभरानं कचेरीचं लांबलचक पत्र आलं. ते मला अजून पाठ आहे. "एका शेऱ्यानुसार सदर इसमास चार पावलांवरील अस्वल दिसत नाही. दुसऱ्या शेऱ्यानुसार त्यास कुलूपबंद ट्रंकेतील फेटा दिसतो. एकाच नजरेबाबत अशी दोन मते सरकारदरबारी टिकू शकत नाहीत. सबब साहेब जातीने येऊन नजर तपासतील. नजर कमी आढळल्यास जागा रिकामी समजावी."

*

साहेब आले ते ऐन श्रावणात. वयस्कर, बारीक अंगाचे, हसू त्यांच्या घराण्यातच नसावं. बरोबर एक चपराशी आणि दोन बावटे, एक लाल, एक पांढरा. तपासणीची रीत अशी, की झोलबाला किल्ल्याच्या आतल्या दरवाज्याशी उभं करायचं, चपराश्यानं पलीकडच्या बुरुजावर जाऊन एक बावटा वर धरायचा आणि झोलबानं रंग सांगायचा.

सरजाबाईनं सकाळीच गाठोडं बांधून ठेवलं होतं. करीमभाईंनी आणि मी रात्री ठरवलं होतं, पांढरा असला तर करीमभाईंनी एकदा खोकायचं, लाल असला तर दोनदा. झोलबाला सांगितलं. तो म्हणाला, "खोकून नोकरी टिकते काय बाबू?" पण नाही म्हणाला नाही.

पाच जण किल्ल्यावर गेलो. चपराशी बावटे घेऊन बुरुजाकडे निघाला. तो अर्ध्या वाटेवर असेल नसेल, दरीतून धुकं वर आलं. आधी बुरूज गेला, मग चपराशी गेला, मग समोरची भिंत गेली. मग साहेब गेले! माझ्या शेजारी दोन हातांवर उभे होते, पण नुसता आवाज राहिला.

"थांबू दोन मिनिटं," साहेबांचा आवाज म्हणाला. "विरेल."

दोन मिनिटं झाली, अर्धा तास झाला. तिकडून चपराश्यानं हाक मारली, "साहेब! मी कुठी हाओ?"

"आहेस तिथंच थांब!"

"पन हाओ थे कुठी हाओ?" आवाज रडका झाला होता.

साहेबांनी त्या दिशेला एक पाऊल टाकलं. बुटाखालचा एक दगड सुटला. तो घरंगळला, कुठेतरी आपटला, मग पुन्हा आपटला, आणि बऱ्याच वेळानं, फार खालून, तिसऱ्यांदा आवाज आला. साहेब होते तिथंच चिखलात बसले. तुमानीसकट. करीमभाई अल्लाचं नाव घेऊ लागले. मी कशाला खोटं बोलू, मी दरवाज्याची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली.

तेव्हा झोलबा बोलला. "कोनी हालू नका. मी त्याले घेऊन येतो."

"अरे, वेड लागलं का?" साहेब ओरडले. "एक पाय चुकला तर?"

काठीचा आवाज टक टक करत लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. मी झोलबाला मनातल्या मनात हजार शिव्या दिल्या. अरे, त्या बुरुजाची वाट वीतभर रुंद, दोन्हीकडे दरी, वर शेवाळ! नोकरी गेली खड्ड्यात, तू परत ये बाबा. मी हे मोठ्यानं बोललो असेन, कारण करीमभाई "आमीन" म्हणाले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग टक टक परत आलं. चपराशी झोलबाच्या कमरेला मिठी मारून होता आणि काखेत दोन्ही बावटे तसेच.

झोलबानं पागोटं सोडलं. एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि आम्हां चौघांना ते ओळीनं धरायला सांगितलं. सगळ्यात पुढे साहेब. "माह्या मांगं पाय ठेवा. इथं पायरी फुटली हाय, लांब पाय टाका. आता डावा हात भिंतीले लावा. आता डोस्कं वाकवा."

साहेब वाकले. लगेच वाकले.

असं करत त्यानं आम्हांला बाहेरच्या दरवाज्यातून मोटारीच्या सडकेवर आणून सोडलं. साहेबांनी पागोट्याचं टोक सोडलं नाही. ते धापा टाकत होते. म्हणाले, "झोलबा, मला स्वतःचा हात दिसत नव्हता. एवढ्या धुक्यात तुला वाट दिसली कशी?"

मी करीमभाईंचा हात दाबला. झोलबा पागोटं गुंडाळत होता. तो सहज बोलला, कुणी तंबाखू मागावी आणि आपण द्यावी तसं.

"धुकं थे तुमाले आज लागलं, साहेब. मले तीन साल झाले."

करीमभाईंनी सकाळपासून दाबून धरलेला खोकला तेवढ्यात सुटला. एकदा नाही, दोनदा नाही, थांबेचना. साहेब त्यांना म्हणाले, "पाणी प्या." आणि बंगल्याकडे चालू लागले.

बंगल्यावर त्यांनी ओले मोजे शेकोटीशी वाळत घातले. चहा घेतला. मग करीमभाईंना विचारलं, "हे धुकं इथं किती दिवस असतं?"

"हुजूर, सावन में तो रोज," करीमभाई म्हणाले. "दिवाली के बाद एकदम साफ. परतवाडे तक दिखता."

साहेबांनी मान हलवली आणि बुक मागितलं. लिहिलं, शाई टिपली, बुक मिटलं, मोटारीत बसले आणि गेले.

झोलबा व्हरांड्यात आला. मागे दारात सरजाबाई उभी, गाठोडं पायाशी. "वाचा बाबू," तो म्हणाला. "जे हाय थे वाचा. गोड करून नोका सांगू."

मी बुक उघडलं आणि वाचलं, "वाटाड्या झोलबा यास नजर तपासणीकरिता किल्ल्यावर नेले. धुके असल्यामुळे तपासणी होऊ शकली नाही. तपासणी पूर्ण होईपर्यंत त्यास कामावर कायम ठेवावे. पुढील तपासणी पुढच्या साली, ऐन श्रावणातच करावी."